परक्या बंदरावरचा नाच

लातूर सोडलं त्या दिवशी सगळ्यांच्या पाया पडलो. माझे वडील, अण्णा, जमलेल्यांना ऐकवत होते, "आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट." मला ते आवडत होतं, आजही आवडतं. बायको शुभांगी आईच्या मागे उभी होती. थोरामोठ्यांसमोर बायकोचा हात धरायची आमच्यात रीत नाही. "पोचल्यावर फोन करा," एवढंच ती म्हणाली.

कॅनडात लव्हालला आल्यावर तिच्या व्हिसासाठी अप्लाय केलं. ती येईल तेव्हा दोघांनी मिळून करायचं काहीतरी हवं, म्हणून मेट्रोने मॉन्ट्रियलला टँगोच्या क्लासला जाऊ लागलो. शिकवणाऱ्या बाई अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या, सत्तरीतल्या. माझे ताठ हात पाहून म्हणाल्या, "मेस्यू, बाईला धरताय की फ्रिज हलवताय?"

हा नाच बंदरालगतच्या गरीब वस्त्यांत घडला, हे त्यांच्याकडूनच कळलं. आफ्रिकन गुलामांच्या वंशजांचे ढोल, क्यूबाचा ठेका, आणि बोटीतून उतरलेले इटालियन, स्पॅनिश मजूर. पुरुष ढीगभर, बाया थोड्या. म्हणून पुरुष पुरुषांबरोबरच सराव करत. सुरुवातीला बासरी, गिटार असायची, चाल उडती. मग जर्मनीहून बँडोनियनची पेटी आली आणि टँगो संथ, जड झाला. घरंदाज लोक नाक मुरडत. पॅरिसने डोक्यावर घेतला, तेव्हा तोच जरा सभ्य होऊन त्यांच्या दिवाणखान्यात शिरला. बाहेर नाव झालं की घरात किंमत वाढते, हे मला कुणी शिकवायला नको.

मी विचारलं, "त्या मजुरांच्या बायका नंतर आल्या?"

"काहींच्या आल्या," बाई म्हणाल्या. "गाणी उरलेल्यांनी केली."

रखडत रखडत गेल्या महिन्यात व्हिसा मंजूर झाला. लगेच फोन लावला.

"तिकीट नका काढू," शुभांगी म्हणाली. "मला शाळेत कायम केलंय. अन् खरं सांगू का, तुमचा फोनमधलाच चेहरा आठवतो आता. तेवढ्यावर एवढ्या लांब नाही यायचं मला."

"मी आपल्यासाठी डान्स शिकलोय."

"बरं केलंत. करा कुणासोबत तरी."

मी पुन्हा विचारलं नाही. परत जावं, तर अण्णांनी गावभर सांगितलेला मी कुठून आणू? क्लासला मात्र जातो. अनोळखी बाई डोळे मिटून छातीला टेकते, गाणं संपतं, ती दुसऱ्याकडे जाते.

लातूरच्या घरात अण्णांची औषधं शुभांगी बघते, लाइटबिल ती भरते, भाजीत मीठ किती ते ती ठरवते. तिथे काही अडलेलं नाही. लोक विचारतात तेव्हा त्यालाच मी अजून माझं घर म्हणतो. खरं तर माझ्यावाचून राहायची सवय झालेली ती एक जागा आहे.