जाऊबाईंची आठ पानं

आमच्या मोठ्या जाऊबाईंशी भांडण्यात काही राम नाही. त्यांना ऐकू येत नाही, त्या समोरच्याचे ओठ वाचतात. त्यामुळे भांडण रंगात आलं आणि आपण अगदी ठेवणीतलं वाक्य काढलं, की या खुशाल डोळे मिटून घेतात. संपलं! पुढचं तुम्ही भिंतीला सांगा. पंचवीस वर्षं आम्ही एका घरात काढलीत, दोन चुली आणि मधे एक भिंत. मी एकदाही जिंकलेली नाही.

त्या एकोणिसाव्या वर्षी मागावर लागल्या. लग्न झाल्यावर मीही त्यांच्यामागून त्याच शेडमध्ये गेले. एका पत्र्याखाली चाळीस यंत्रमाग, आणि प्रत्येकाचा धोटा मिनिटाला शंभरदा इकडून तिकडे आदळतोय. शेजारणीला काही सांगायचं तर तिच्या कानाला तोंड लावून बोंब मारायची. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहायची, सकाळी थांबायची. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. माग म्हटला की आवाज आलाच, असं म्हणायचं आणि कामाला लागायचं.

तीन वर्षांपूर्वी जाऊबाई कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. मी सोबत होते. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं: दोन्ही कान आवाजाने गेलेत, परत यायचे नाहीत. वेळीच झाकले असते तर वाचले असते. बाहेर येऊन त्या पायरीवर बसल्या. मला वाटलं आता रडणार. पण रडताहेत कसल्या! त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"अगं धाकटे, एकतीस वर्षांत हे मला एकानेही सांगू नये?"

"कोण सांगणार?" मी म्हटलं. "आणि सांगितलं असतं तरी त्या गोंगाटात ऐकू आलं असतं का तुम्हाला?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, माझं नेहमीचंच. पण त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे लिहूनच द्यायला हवं."

झालं. तेव्हापासून बाईंना एकच ध्यास. आपले कान तर गेले, पण शेडमधल्या बाकीच्या बायकांचे जाता कामा नयेत. सातवी शिकलेली बाई, पत्रसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. माझ्या मुलीच्या वहीतून मोठे कागद फाडले. एक कागद तीनदा दुमडायचा, मधे कात्रीने एक चीर द्यायची, की आठ पानांचं पुस्तक होतं, टाके नाहीत की डिंक नाही. पण कागद उलगडला की वरच्या ओळीतली पानं उलटी लिहावी लागतात. पहिल्यांदा ते लक्षात आलं नाही, त्यामुळे अर्धं पुस्तक डोक्यावर उभं राहून वाचण्याजोगं झालं. बाईंनी निमूटपणे दुसरा कागद घेतला.

मुलगी म्हणाली, "काकू, अशा घरी बनवलेल्या छोट्या मासिकाला झीन म्हणतात." म्हणत असतील बापडे. शेडमध्ये सगळ्या 'घडी'च म्हणायच्या.

पहिल्या पानावर कानाचं चित्र होतं, पण तो कान कमी आणि बटाटा जास्त दिसत होता. आत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: हातभर अंतरावरच्या बाईशी बोलायला ओरडावं लागतं का? मग हा आवाज कान खातोय. सुट्टीनंतर शिट्टी वाजते का? ती थकव्याची नाही. कापसाच्या बोळ्यांनी भागत नाही, कानातली खरी बुचं मागा. वर्षातून एकदा कान तपासून घ्या. शेवटच्या पानावर एवढंच: एक उतरवून घ्या, ही पुढे द्या.

मलाही एक दिली. मी तेलाच्या डब्याखाली घातली, ओघळ टिपायला. मला सगळं ऐकू येतं, मला काय करायचंय! आता मुलगी उगाच म्हणायची, "आई, टीव्हीचा आवाज कमी कर, गल्ली जागी होईल." पण तो दोष टीव्हीवाल्यांचा. हल्लीची माणसं पुटपुटतात, पूर्वीसारखं स्पष्ट बोलतच नाहीत.

शेडमध्ये मात्र घडी हां हां म्हणता पसरली. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात, पेन दुसऱ्या हातात. उतरवता उतरवता प्रत्येकीने आपली अक्कलही पाजळली. एकीने 'कोमट तेल घाला' हे घुसवलं, दुसरीने 'लसूण ठेवा', तिसरीने तर आपल्या सासूचा अख्खा काढाच लिहिला. फिरत फिरत ती प्रत जाऊबाईंच्या हाती आली तेव्हा त्यांचा पारा चढला. दुसऱ्या घडीचं पहिलंच पान: कानात काही घालू नका, तेल भाजीत घाला!

हे सगळं गुपचूप चाललं होतं, असा आमचा समज. पण अर्धबहिऱ्या बायकांची कुजबुज कधी ऐकलीय का हो? डब्याच्या खोलीत एक जण 'हळू' आवाजात वाचायची, "बुचं मागा!" आणि दुसरी तितक्याच 'हळू' विचारायची, "मुकादमाला कळलं तर?" मुकादम फाटकापाशी उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने जाऊन मॅनेजरसाहेबांना सांगितलं.

साहेबांनी जाऊबाईंना बोलावलं. मी मागोमाग गेले, म्हटलं नोकरी गेली तर निदान सामान उचलायला कुणीतरी हवं. साहेब मिशीतल्या मिशीत बोलणारे, त्यात मान खाली. जाऊबाईंना ओठ दिसेनात.

"मोठ्यांदा बोला!" जाऊबाई गरजल्या. "तुमच्या शेडमध्ये कान गेलेत माझे!"

बाहेरच्या खोलीतली सगळी माणसं माना वर करून बघायला लागली. साहेब मला म्हणाले, "तुम्ही सांगा यांना."

"माझं त्या ऐकत नाहीत," मी म्हटलं. खोटं काय त्यात?

शेवटी साहेबांनी वैतागून कागद ओढला आणि लिहिलं: 'या चोपड्या ताबडतोब बंद कराव्यात. कारखान्यात आवाजाचा कोणालाही त्रास नाही.' खाली झोकदार सही ठोकली. जाऊबाईंनी ते दोनदा वाचलं, चारदा दुमडलं आणि पिशवीत टाकलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, घाबरल्या. चला, सुटले.

कसलं काय! आठवड्याने तिसरी घडी निघाली. मधल्या दोन पानांवर साहेबांची चिठ्ठी, अक्षर न् अक्षर, सहीसुद्धा गिरवलेली. खाली एकच ओळ: हे साहेबांना लिहून द्यावं लागलं, कारण त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही.

चाळीस बायकांनी ती उतरवली. शेजारच्या दोन शेडमध्ये गेली. मला मात्र एकच काळजी. जाऊबाईंना काढलं तर दुसरीकडे बहिऱ्या बाईला कोण ठेवणार? मी बोलून बोलून दमले. पण पालथ्या घड्यावर पाणी! त्या डोळे मिटून बसायच्या.

मग कामगार खात्याचे तपासनीस वार्षिक फेरीला आले. कोणत्या बाईने त्यांच्या हातात घडी ठेवली देव जाणे, अजून कुणी कबूल केलेलं नाही. त्यांनी उभ्या उभ्या आठही पानं वाचली, परत मागे उलटली, आणि साहेबांना विचारलं, "त्रास नाही, तर मग हे लिहून का दिलंत?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. महिनाभरात बुचांची खोकी आली. कुणाची नोकरी गेली नाही. आणि एक दिवस कारखान्याच्या अंगणात कान तपासणीची गाडी येऊन उभी राहिली.

मी सगळ्यात शेवटी गेले, तेही जाऊबाईंनी दंड धरून नेलं म्हणून. आत काचेची छोटीशी खोली होती. तपासणाऱ्या बाईने माझ्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबा, काकू." मी दाबलं. पुन्हा दाबलं. बरेचदा दाबलं. मग आवाज बंद झाले. मी वाट बघत बसले. काचेतून दिसत होतं, ती बाई बटणं फिरवतेय, काहीतरी लिहितेय. म्हटलं, वायर सुटली असेल. दार ढकलून सांगितलं, "अहो, तुमचं यंत्र बंद पडलंय."

तिने पेन खाली ठेवलं. "यंत्र चालू आहे, काकू. तपासणी झाली तुमची."

तिने कागद दाखवला. रेघ थोडी सरळ जाऊन मग घसरत खाली गेली होती. "बारीक आवाज गेलेत," ती म्हणाली. "पण बोलणं ऐकण्यापुरतं अजून पुष्कळ शिल्लक आहे. आजपासून बुचं घातलीत तर ते राहील."

बाहेर जाऊबाई पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसले, कागद त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि मला एकदम रडूच फुटलं. त्यांनी कागद पाहिलाच नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडून आलो त्याच आठवड्यात. तू भाजी चिरत होतीस, पाठीमागून लेक 'आई, आई' करत होती. मला ऐकू येत नाही, पण तिचं तोंड दिसत होतं. पाच वेळा हाक मारली गं तिने. तू मान वळवली नाहीस."

"मग मला सांगायचं ना तेव्हाच!"

"तुला? तू कधी कुणाचं ऐकून घेतलंयस? पहिली घडी तुझ्यासाठीच लिहिली मी. एकटीला दिली असती तर चुलीत घातली असतीस. म्हणून चाळीस जणींना वाटली."

मी बाहीने नाक पुसलं आणि हातातली बुचं पुढे केली, म्हटलं, "घालायची कशी ती दाखवा." त्यांनी माझा कान वर ओढला, जरा जास्तच ओढला, आणि बूच नीट आत बसवलं. मग दुसरं. सुट्टी संपली होती, आम्ही दोघी मागावर गेलो.