धडगावला तिघांची पंगत

रेबेका गमालिएल साळवे, तू गेल्यावर धडगावचे आपले घर रिकामे करून द्यावे, असा मिशनचा निरोप आला. तेथे आता नवे जोडपे नेमले आहे. सामान उचलावे, किल्ल्या द्याव्यात आणि त्याच दिवशी घाट उतरावा, असे मी ठरवले. पन्नाशीनंतर आपण तेथे सेवेस गेलो, तेव्हा शेजारच्या काशिनाथराव-रूथबाईंशी स्नेह जोडलास तो तू. तुझ्या पश्चात त्यांच्या ओसरीवर माझा हक्क किती उरला, हे आजमावण्याचे धैर्य मला नव्हते.

भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने मी सकाळी नंदुरबारला उतरलो. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांनी न्याहारी स्थानकाबाहेरच उरकावी. मोटार भरल्यावाचून सुटत नाही. प्रकाशाला तापी नावेने ओलांडली. नावेत देवदर्शनाहून परतणाऱ्या एका म्हातारीने विचारले, "बाबा, एकलाच? बाई कोठे शे?"

"वारल्या," मी म्हणालो.

तिने ओच्यातले मूठभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले. "खाई ल्या. वाट लांबी शे."

शहाद्याला मुक्काम करून पायथ्यापर्यंत बैलगाडी व पुढे भाड्याचे तट्टू केले. हिवाळ्यात घोंगडी सोबत हवीच. सातपुड्यातला वारा उन्हातही बोचतो.

धडगावला पोहोचलो तो दुपारी. काशिनाथराव मूळचे रनाळ्याचे शेतकरी. सारे आयुष्य उपदेशकाचे काम करूनही बोली त्यांनी सोडलेली नाही. फाटकातूनच म्हणाले, "उतरा, मास्तर. कुलूप काय पळी जाई?"

"मला लगेच निघावयाचे आहे."

"निघानी गोट नंतर," आतून रूथबाई म्हणाल्या. "पहिले हात धुवा."

येथे आमच्या पंगतीचा नियम सांगणे अवश्य आहे. पहिल्या दौऱ्यात, तंबूत जेवताना, आम्ही दोघे पुरुष रोज मिठावरून कुरकुरत असू. तेव्हा तुम्ही दोघी बायकांनी वाढण्याची अदलाबदल केली: रूथबाईंनी मला वाढायचे, तू काशिनाथरावांना. दुसऱ्याच्या पत्नीने वाढलेल्याला नावे ठेवण्याची छाती कोणास होणार? कुरकुर थांबली, नियम कायम राहिला.

रूथबाईंनी माझ्या ताटात भाकरी व उडदाची डाळ वाढली, स्वतः घेतली आणि त्या बसल्या. काशिनाथरावांचे ताट रिकामेच होते.

"यांना वाढता ना?" मी विचारले.

"मन्ही पाळी नही. रेबेकाबाईनी शे." त्यांनी पळी माझ्याकडे सरकवली. "तिन्हा बदला कोन उठी?"

मी जन्मात कोणास वाढले नव्हते. उठलो. डाळ अर्धी वाटीत, अर्धी भाकरीवर पडली. काशिनाथरावांनी पहिला घास सावकाश चावला.

"मीठ कमी शे, मास्तर."

"देखा," रूथबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बाईना हातले कधी नाव ठेवं नही. मास्तरले लगेच."

"सकाळी पाहू," मी म्हणालो, आणि तट्टूवाल्याला परत पाठवले.

आठवडाभर राहिलो. दोन्ही वेळा मीच काशिनाथरावांना वाढले व दोन्ही वेळा बोलणी खाल्ली. येत्या हिवाळ्यात त्यांच्याच ओसरीवर उतरावयाचे ठरले आहे. घरी परतून हे लिहिताना देवाचे आणि तुझे आभार मानतो: तू गेलीस, पण तुझी पाळी माझ्याकडे ठेवून गेलीस.

निघण्याच्या सकाळी आपले घर झाडून घेतले, दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या मिशनच्या पाळकसाहेबांच्या हाती परत केल्या.