आमच्या व्याह्यांचा कळप

सार्वजनिक आरोग्याचा मुळापासून विचार करणारा एकच माणूस मी जवळून पाहिला आहे, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. त्यांच्या विचारामागे तीस वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव उभा होता. फक्त तो अनुभव गाईम्हशींचा होता.

आमचे व्याही मुरबाडच्या बाजूला जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. निवृत्तीनंतर शहाडजवळ एका सात मजली सोसायटीत राहायला आले. गुरं सुटली, सवयी राहिल्या. ते कुणाच्याही पाठीमागे उभे राहत नाहीत. मागे उभं राहणाऱ्याला लाथ बसते, हे त्यांच्या हाडांना माहीत आहे. त्यामुळे कुठल्याही रांगेत ते तिरके, कडेला उभे असतात, आणि मागची माणसं ‘ओ काका, मध्ये घुसू नका’ म्हणून भांडतात. लग्नाच्या बोलणीसाठी आमच्याकडे डोंबिवलीला आले तेव्हा मुलीला त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. सगळा वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत होते. पोहे संपल्यावर माझ्या बायकोला म्हणाले, ‘‘विहीणबाई, यांना रक्त कमी आहे. गूळ-शेंगदाणे चालू करा.’’ तपासलं तर खरंच कमी निघालं. तेव्हापासून आमच्या घरी त्यांच्या शब्दाला मान आहे आणि मला रोज गूळ-शेंगदाणे आहेत.

मग ती साथ आली आणि सगळं बंद झालं. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. नियम ही त्यांची नुसती आवड नव्हती, प्रकृती होती. लिफ्टची बटणं दाबायला थर्माकोलच्या तुकड्यात टूथपिक खोचून ठेवल्या गेल्या. पेपर बंद, कामवाल्या बंद. गेटपासून जिन्यापर्यंत पांढऱ्या रंगाचे गोल काढले गेले. व्याही अर्थातच गोलाच्या कडेला तिरके उभे राहत, आणि पहिला खटका तिथेच उडाला.

त्यांचा सिद्धान्त त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिला. साथ शिरल्यावर दारं लावून उपयोग नाही. धडधाकट जनावरं मोकळी सोडावीत. ती आजारी पडतील, बरी होतील, आणि पुरेशी बरी झाली की रोगाला पुढे सरकायला वाटच उरणार नाही. काही जातात, पण कळप वाचतो.

‘‘म्हणजे आम्ही गुरं का हो, डॉक्टर?’’ तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं.

‘‘तसं म्हणणार नाही,’’ व्याह्यांनी उत्तर दिलं. ‘‘गुरं एवढी तक्रार करीत नाहीत.’’

‘‘अहो, तुम्ही गावोगाव लस टोचत फिरलात ना? की रोग वाटत फिरलात?’’ हे सेक्रेटरी.

‘‘लस आली की पहिला दंड माझा. येईपर्यंत काय करायचं ते बोला.’’

आज ही भांडणं आठवून हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. त्यांच्या बाजूनं बोलणारे काही मूर्ख नव्हते. ज्यांची दुकानं बंद होती, पगार थांबले होते, त्यांना कुणीतरी ‘बाहेर पडा’ म्हणणारा हवाच होता. आणि सेक्रेटरीही चुकत नव्हते. रोज एक रुग्णवाहिका त्या रस्त्यानं जात होती. दोन्ही बाजूंना पूर्ण खात्री होती, माहिती मात्र कुणालाच पुरेशी नव्हती.

मला त्या सिद्धान्ताशी वाद घालायचा नव्हता. मला माझ्या मुलीची काळजी होती. तिला चौथा महिना लागला होता आणि ती त्या दोन खोल्यांच्या घरात, या सिद्धान्ताच्या शेजारी राहत होती. सासरेबुवा सकाळी मास्क न लावता बाहेर पडत आणि चार माणसांशी वाद घालून जेवायला घरी येत. तिला इकडे आणावं, तर आमच्या सोसायटीनं माहेरवाशिणीला ‘बाहेरची व्यक्ती’ या सदरात घातलं होतं.

‘‘बोला ना त्यांच्याशी,’’ बायको म्हणायची.

‘‘काय बोलू? व्याही आहेत ते.’’

व्याह्यांशी मतभेद दाखवायची आपल्याकडे पद्धत नाही. फार तर त्यांच्या पानात आग्रहानं आणखी एक पुरणपोळी वाढून सूड घेता येतो. त्या दिवसांत तीही सोय नव्हती. मी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा त्यांच्याकडे पाणी वेळेवर येतं का, एवढंच विचारून ठेवला. पाणी वेळेवर येत होतं.

शेवटी सोसायटीची सभा भरली, मोबाइलवर. मुलीनं आम्हाला गुपचूप लिंक पाठवली होती. आम्ही दोघं कॅमेरा बंद करून, श्वास रोखून बसलो. व्याही बराच वेळ बोलले. कळप वाचतो, या वाक्यावर ते आले, एवढ्यात एक चौकोन उजळला. माझी मुलगी आतल्या खोलीतून सासऱ्यांशी बोलत होती.

‘‘बाबा, एक विचारू? साथ आली की गाभण गाईचं काय करायचात तुम्ही?’’

‘‘वेगळी बांधायची,’’ ते लगेच म्हणाले. ‘‘सगळ्यात आधी ती वेगळी. तिच्याजवळ बाहेर फिरणारं...’’

तिथे ते थांबले. मी त्यांना वाक्याच्या मध्ये थांबलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि टाकीच्या दुरुस्तीचा विषय घेतला.

दोन खोल्यांत गाय वेगळी बांधणार कुठे? दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी स्वतःला वेगळं बांधलं. गच्चीवर एक खोली होती. सोसायटीच्या गणपतीचं मखर तिथे ठेवत. तिची किल्ली सेक्रेटरींकडे होती. व्याही ती मागायला गेले.

‘‘नियमात बसत नाही,’’ सेक्रेटरी म्हणाले. मग आत जाऊन किल्ली घेऊन आले. ‘‘पण गच्चीवर गुरं बांधू नयेत, असंही कुठे लिहिलेलं नाही.’’

बाळंतपणापर्यंतचे साडेचार महिने ते मखराशेजारी राहिले. पावसाळ्यात खोली गळायची तेव्हा खाट सरकवत सरकवत ते मखराच्या आत जाऊन झोपत. आमच्या विहीणबाई, म्हणजे त्यांची बायको, जेवणाचं ताट जिन्यात ठेवून चमच्यानं वाजवायच्या. सिद्धान्त त्यांनी सोडला नाही, मात्र पथ्य पाळलं. ‘‘कुणीतरी बाहेर असायलाच हवं, मग मीच,’’ असं म्हणून ते अख्ख्या इमारतीची औषधं आणि भाजी आणू लागले. यादी सेक्रेटरी करायचे आणि दोरीला बांधलेल्या पिशवीतून गच्चीवर पाठवायचे. दोघांनीही याला सहकार्य म्हटलं नाही. संध्याकाळी व्याही कठड्यावरून खाली वाकत आणि चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीकडे ओरडत, ‘‘काय गं, आज लाथा मारल्या का?’’ माझी मुलगी बोटं वर करून आकडा दाखवायची. सगळी सोसायटी ऐकायची.

नात झाली. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला कुणी भेटायचं नाही, ही जुनी रीत. चौदा दिवसांच्या विलगीकरणाविरुद्ध ग्रुपवर लांबलचक लिहिणाऱ्या या गृहस्थांनी सव्वा महिन्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तो संपल्यावर ते खाली आले. त्यांनी अनेक वासरं हातांत झेलली होती, पण नातीला घेताना त्यांनी विहीणबाईंना खालून हात धरायला लावले.

मागच्या दिवाळीत फराळाला आले होते तेव्हा मी धीर करून विचारलं, ‘‘डॉक्टरसाहेब, अजून तुम्हाला तसंच वाटतं?’’

त्यांनी चकलीचा तुकडा मोडला. ‘‘हिशेब बरोबर होता हो,’’ ते म्हणाले. ‘‘पण नोकरीत कुठल्या जनावरानं मला बाबा म्हणून हाक मारली नव्हती.’’

मी त्यांच्या ताटलीत आणखी एक चकली ठेवली.

त्या संबंध साथीत आमच्या दोन्ही घरांत मिळून लागण एकालाच झाली. ती मला झाली. मी सात महिने दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.