माक्याच्या मार्फत

चष्मेवाल्या काकांना "चुकलं" म्हणताना आजवर कुणीही ऐकलेलं नव्हतं. चष्म्याचा नंबर चुकला तर ते गिऱ्हाइकालाच सुनावत, "तुमचे डोळे अजून सरावले नाहीत." अशा माणसाशी काकूंनी संसार केला, हेच मोठं नवल! मधूनमधून अबोला व्हायचा, पण तो लेकीच्या जिवावर निभायचा. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." दोघं एकाच टेबलाशी, आणि मध्ये बिचारी पोर निरोप पोचवत बसलेली.

मग त्या पोरीचं लग्न झालं. वयस्कर पाहुण्यांना आधी जेवायला बसवा, एवढंच काकूंनी सुचवलं, तर काका भरल्या हॉलमध्ये खेकसले, "तू गप्प बस. तुला काय कळतंय?" काकू गप्प बसल्या, त्या बसल्याच. लेक सासरी गेली, निरोप्या उरला नाही, आणि घरात नुसती फ्रिजची घुरघुर. काकांना चहा वेळेवर मिळे, इस्त्रीचा शर्ट मिळे, शब्द मात्र मिळेना. महिने लोटले. काका आतून पार खचले होते. पण माघार घ्यायची? छे, नाव नको!

शेवटी लेकीनं फोनवरून दोघांना दटावून 'हिरवा हुंकार' नावाच्या मंडळात भरती केलं. दर रविवारी पडीक मैदानात हिंडायचं, रानटी झाडपाला ओळखायचा आणि मन मोकळं करायचं. मंडळ शांतीताईंचं. आधी त्या विमा विकायच्या, आता मनःशांती. डोक्यावर गवताची टोपी, गळ्यात शिट्टी. "चिंता सोडा!" असं त्या इतक्या जोरात ओरडत की झुडपांतली पाखरं भर्रकन उडून जात. प्रत्येकाला एक रोप नेमून दिलेलं. त्याच्यापाशी उकिडवं बसायचं आणि माणसाला सांगता येत नाही ते रोपाला सांगायचं. एक रिटायर्ड हेडमास्तर घोळीच्या रोपापाशी जावयाची गाऱ्हाणी करत. रोपं कमी पडली म्हणून आपल्या जोडप्याच्या वाट्याला पांढऱ्या फुलांचा एकच माका आला.

पहिला रविवार तसाच गेला. दुसऱ्या रविवारी काकू माक्याला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, गोळी वेळेवर घेत जा."

काकांना भरून आलं. त्यांनीही माक्याकडे तोंड केलं, "तिला म्हणावं, घेतली."

झालं! तिथून पुढे माक्याला दम खायला फुरसत नाही. गॅस, दूधवाला, लेकीची खुशाली, सगळं त्याच्या मार्फत. शांतीताई त्यांच्याकडे बोट दाखवून इतरांना सांगत, "बघा, वनस्पतीशी किती एकरूप झालेत!"

मग एकदा काकूंनी हळूच म्हटलं, "त्यांना विचार, मला खरंच काही कळत नाही का?"

काका आभाळाकडे बघत राहिले. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि ते सुटले. पण सुटतात कसले! आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही. ही बाई पुन्हा गप्प झाली तर कायमचीच होईल, या भीतीनं त्यांनी उत्तर जुळवलं, घोकलं. माक्यालाच तर सांगायचंय, जमेल, अशी मनाची समजूत घातली.

रविवारी जाऊन बघतात तो मैदान चकाचक! पालिकेनं यंत्र फिरवून सगळं साफ केलेलं. हेडमास्तर हुंदके द्यायला लागले. शांतीताई क्षणभर गडबडल्या, मग म्हणाल्या, "विरह हेही औषधच!"

काका घायकुतीला आले. "ताई, जरा हिला सांगता का..."

"ताईंना मध्ये घालू नका," काकू म्हणाल्या. थेट त्यांच्याकडे बघून.

एखादं पान तरी उरलंय का, म्हणून काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पुटपुटले, "चुकलं माझं."

"मोठ्यानं. त्या दिवशी पार दाराशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं होतं."

काकांनी सगळ्यांकडे एकवार बघितलं, छातीत श्वास भरला आणि ओरडले, "चुकलं माझं! हिला सगळं कळतं! मलाच कळत नव्हतं!"

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं आणि कापलेल्या गवताकडे बोट दाखवलं.

"बसा इथं. माझं बोलून व्हायला वेळ लागेल."

काका मुकाट्यानं बसले.