पोरी पळवायची नोकरी

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या गणूच्या नाकातून चहा आला होता! दुसऱ्याच्या फजितीवर एवढं हसावं का हो माणसानं? पण जीभ माझी, आवाज माझा. दोष देऊ कुणाला?

मी पळणारा माणूस. शाळेत असल्यापासून पळतोय. पुढं भूमच्या माळावर पहाटे पोरींना पळायला शिकवायला लागलो. कुणी पोलीस भरतीवाली, कुणी कॉलेजवाली. फुकट! वडील म्हणायचे, "बिभीषण, लोकांच्या लेकी नोकरीला लागल्या. तू कधी लागणार?" शेवटी घरात ठरलंच. यंदा काही जमलं न्हाय, तर मामाच्या खताच्या दुकानात बसायचं.

अन् नेमका तेव्हाच धाराशिवच्या एका मुलींच्या कॉलेजातून निरोप आला. रनिंग कोच पाहिजे, मुलाखतीला या! मी पिशवीत बूट, शिट्टी, प्रमाणपत्रं कोंबली आणि सकाळची एसटी धरली.

शेजारी सोनारीच्या एक मावशी होत्या.

"कुठं निघालास लेकरा?"

"नोकरीच्या मुलाखतीला, मावशी."

"आमचा भैरवनाथ भलं करील तुझं," असं म्हणत त्यांनी मूठभर भाजक्या शेंगा हातावर ठेवल्या. इथवर सगळं कसं गोड!

तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजच्या प्राचार्या मॅडम! मुलाखतीआधी दोन गोष्टी विचारून घ्यायच्या होत्या त्यांना. आता एसटीचा खडखडाट तुम्हाला काय नवा आहे? त्यांचं मला ऐकू येत होतं, माझं त्यांना जात नव्हतं. म्हणून मी आवाज चढवला. आवाज कसला, पार ड्रायव्हरपर्यंत पोचला.

मॅडमनी विचारलं, अनुभव काय? मी ओरडलो, "काय सांगू मॅडम, कितीतरी वर्षं झाली, मी पोरीच पळवतो!"

मावशींचा शेंगा सोलणारा हात थांबला. मला काय पत्ता!

"व्हय मॅडम, पहाटेच! अंधार असतानाच घरातून बाहेर काढतो. उन्हात पळवायला जड जातं!"

पुढच्या सीटवरच्या दोन टोप्या मागं वळल्या.

"आईबाप? आधी लई आरडाओरडा करतात. मग होते सवय! दोन पुण्याला पाठवल्या, एक तर पार दिल्लीला गेली!"

स्पर्धेला हो, स्पर्धेला! पण हा शब्द मी उच्चारला का? न्हाय.

"तुमच्या हॉस्टेलच्या पोरी माझ्या हवाली करा मॅडम, मग बघा कशा पळवतो!"

फोन ठेवला. स्वतःवरच खूश होतो मी. मावशी उठल्या, कंडक्टरच्या कानाशी लागल्या आणि परत येऊन पलीकडच्या सीटवर बसल्या. उरलेल्या शेंगासुद्धा घेऊन गेल्या. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला खिडकी पाहिजे असंल.

धाराशिव आलं. स्टँड आलं. स्टँड गेलं!

"आवो कंडक्टर, स्टँड मागं राहिलं की!"

"तुमचा स्टॉप फुडं हाय," कंडक्टर दातावर दात ठेवून म्हणाला.

मीपण कसला येडा! म्हणलं, मुलाखतीचा माणूस बघून कॉलेजच्या दारात सोडतायत. गाडी थांबली. खाली उतरून बघतो तर पोलीस ठाणं! आन् माझ्यामागं अख्खी एसटी उतरलेली.

फौजदार मॅडम खुर्चीत ताठ. "काय रे, काय धंदा करतोस?"

इथं तरी शहाण्यासारखं बोलावं की न्हाय? पण समोर खाकी दिसल्यावर डोकं कुठं चालतं?

"मॅडम, पोरी पळवतो, पण आईबापाच्या परवानगीनं!"

"बगा!" मावशी कडाडल्या. "तोंडानं कबूल करतोय मुडदा!"

मग मी पिशवी उपडी केली. बूट पडले, शिट्टी पडली, प्रमाणपत्रं पडली. फौजदार मॅडमनी माझ्याच फोनवरून कॉलेजला फोन लावला. दोन मिनिटं ऐकलं, तोंडावर रुमाल धरला आणि खुर्चीसकट हलायला लागल्या.

"मावशी, हा पळायला शिकवतो. कोच आहे हा, कोच!"

"आगं माय! मग तसं सांगायचं न्हाय का रं?" मावशींनी पदराची गाठ सोडली आणि भैरवनाथाचा गुलाल माझ्या कपाळावर चांगला फासला. "जा लेकरा. भैरवनाथ हाय तुझ्या पाठीशी."

भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मुलाखतीची वेळ झालीच होती! रिक्षा दिसंना. मग काय, पळालो.

चौकापर्यंत गेलो असंन, मागून आवाज आला. "ओ! थांबा! थांबा म्हणतो ना!"

वळून बघितलं. भैरवनाथ पाठीशी असंल नसंल, स्कूटीवर हवालदार मात्र होता! एसटीतल्या आणखी कुणी काय सांगितलं की काय? पुन्हा आत बसलो तर मुलाखत गेली, नोकरी गेली, अन् मी खताच्या पोत्यांवर! जे कधी करू नये ते केलं. पोलिसाला बघून आणखी जोरात पळालो.

पुढं बाजार भरलेला. मेथीच्या जुड्या, कांद्यांचे ढीग, मधी एक बैलगाडी. मी वाट काढत सुटलो, स्कूटी नुसती हॉर्न वाजवत राहिली.

कॉलेजच्या रखवालदारानं काय बघावं? कपाळभर गुलाल फासलेला माणूस जीव खाऊन पळत येतोय आणि लांबून पोलीस ओरडतोय! त्यानं धाडकन गेट लावलं. मी थांबतोय व्हय? हात टेकला, पाय उचलला, पलीकडं!

समोर मैदान, मैदानावर पोरी आणि मधोमध प्राचार्या मॅडम.

"कोण तुम्ही? निवडणूक जिंकून आलात का?"

"मुलाखतीला... आलोय..."

तेवढ्यात हवालदार पोचले. स्कूटी लावली, गुडघ्यावर हात ठेवले आणि माझ्यापेक्षा जास्त धापा टाकत म्हणाले, "आवो, पिशवी! पिशवी ठाण्यात इसरलाय तुमी!"

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्ही स्कूटीवर आणि हे पायी?"

"लई परयत्न केला मॅडम. सापडंनाच ह्यो माणूस!"

मॅडम हसल्या. "मग पळून दाखवायची गरज नाही. शिकवून दाखवा."

मी बूट चढवले आणि पोरींना समोर उभं केलं. शर्यतीच्या सुरुवातीला वाकायचं कसं, ते नीट दिसावं म्हणून त्यांच्याकडं पाठ केली आणि चांगला खाली वाकलो. पोरी खुदकन हसल्या. म्हणलं, आवडलं वाटतं! पुन्हा वाकलो. आता टाळ्या! असा वर्ग जन्मात बघितला नव्हता. मी आणखी दोनदा वाकलो. मॅडम आभाळाकडं बघत होत्या.

"सोमवारपासून या," आभाळाकडं बघतच त्या म्हणाल्या. "इतक्या आनंदानं या मुली कुणाचंच ऐकत नाहीत."

खताची सगळी पोती एका क्षणात डोळ्यांसमोरून उडून गेली! डोळे भरून आले हो माझे.

तेवढ्यात एक उंच पोरगी पुढं आली आणि मान खाली घालून स्वतःचं जॅकेट माझ्यापुढं धरलं.

"सर, आधी हे कमरेला बांधा."

मी मागं हात लावून बघितला. मग गेटकडं बघितलं. गेटच्या टोकावर माझ्या पँटचा वीतभर तुकडा वाऱ्यावर छान फडफडत होता!

जॅकेट बांधलं आणि मागं न वळता म्हणालो, "मॅडम, पळण्याचं सगळं मी बघतो. उंच उडीला मात्र दुसरा माणूस नेमा."