आयरिसचं निळ्या फुलांचं भांडं

नॉर्मन शटलवर्थने सकाळी उठल्या उठल्या घड्याळ पाहिलं. आज संध्याकाळी सव्वापाचला दुसऱ्या वाहिनीवर तो स्वतः दिसणार होता, आणि गल्लीतल्या एकाही माणसाने ते पाहू नये एवढीच त्याची इच्छा होती.

माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. इंग्लंडमधल्या कोल्न गावच्या कापडगिरणीत अडतीस वर्षं मागाचा खडखडाट ऐकला आणि थोडा बहिरेपणा घेऊन घरी बसला. गल्लीत त्याच्या घराचं नाव होतं ते नाताळच्या ट्रायफलमुळे. केक, जेली, कस्टर्ड आणि वर फेटलेली साय, असे थरांवर थर. करायची त्याची बायको आयरिस, पण ज्यात व्हायचं ते भांडं नॉर्मनच्या आईचं. चांगलं टोपाएवढं, निळ्या फुलांचं, एका कानाचं. आई गेल्यावर ते त्याच्या वाट्याला आलं आणि त्याने ते ‘शटलवर्थांचं पिढीजात सूपाचं भांडं’ म्हणून मिरवत घरी आणलं. त्यानंतर सलग बावीस नाताळ गल्लीने त्यातलं ट्रायफल खाल्लं.

गेल्या मार्चमध्ये आयरिस गेली. जूनमध्ये जुन्या वस्तूंची पारख करणारा टीव्हीचा कार्यक्रम गावच्या सभागृहात आला, तेव्हा नॉर्मन भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून चार तास रांगेत उभा राहिला. कॅमेऱ्यासमोर छाती काढून म्हणाला, “यात माझी बायको दर नाताळात अख्ख्या गल्लीला ट्रायफल वाढायची.” बो टाय लावलेल्या पारख्याने भांडं उलटं केलं, खाकरला, आणि अत्यंत सभ्यपणे सांगितलं की हे रात्री पलंगाखाली ठेवायचं भांडं आहे. थंडीत अंगणातल्या संडासापर्यंत जायला नको म्हणून लोक वापरत, ते.

स्वतःच्या अब्रूची नॉर्मनला फारशी पर्वा नव्हती. पण गल्ली आता आयरिसला हसणार, आणि उलटून बोलायला ती इथे नाही, हे त्याला सहन होत नव्हतं. त्या बिचारीचा काय दोष? भांडं आणलं ते त्याने.

दहा वाजता टीव्हीवर जुन्या घरांचा लिलाव चालू असताना शेजारची डॉरीन हॅलिवेल दारात उभी राहिली. हातात आठवड्याच्या कार्यक्रमांचं मासिक. त्यात सव्वापाचच्या कार्यक्रमाभोवती लाल पेनने तीन वर्तुळं.

“नॉर्मन, आपल्या कोल्नचा भाग आज आहे बरं का. तूही गेला होतास ना?”

“रांगेत होतो. माझं कुठलं घेतायत ते.”

“तुझा टीव्ही मोठा आहे. मी आणि फ्रँक इथेच येतो बघायला.”

नाही म्हणणं शटलवर्थ घराण्यात आजवर कुणालाच जमलेलं नाही. “या की, मजा येईल,” असं त्याच्या तोंडून निघून गेलं आणि दार लावल्यावर त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली.

सव्वापाचला उशीर नको म्हणून हॅलिवेल जोडपं एक वाजताच आलं. दुपारच्या बातम्या झाल्या. मग पाणबुडीवरचा कृष्णधवल चित्रपट झाला, त्यात सगळे बुडाले. मग मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा झाली. नॉर्मनने प्रत्येक कार्यक्रमाला चहा केला, या आशेने की एवढा चहा प्यायलेला माणूस कधीतरी घरी जाईलच. गेले ते फक्त त्याच्याच संडासात, आळीपाळीने.

तीनला बोल्सचा अंतिम सामना लागला. दोन टकले गृहस्थ लांबलचक गालिच्यावर अतिशय सावकाश चेंडू घरंगळवत होते. नॉर्मनला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पाच वाजले तरी बरोबरी सुटेना, तेव्हा त्याला त्या टकल्यांविषयी भावासारखी माया दाटून आली. हा सामना रात्रभर चालावा, जमल्यास ईस्टरपर्यंत, अशी त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली. तेवढ्यात निवेदिकेने मऊ आवाजात जाहीर केलं की पारखीचा कार्यक्रम रद्द नाही, सामना संपताच दाखवू.

“आम्हाला काही घाई नाही,” फ्रँक म्हणाला आणि त्याने बूट काढले.

सहाला दहा मिनिटं असताना एक टकला जिंकला. नॉर्मन उठला, जिन्याखाली गेला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. घर अंधारात बुडालं.

“झालं,” तो शक्य तितक्या दुःखी आवाजात म्हणाला. “आता उद्याच कुणाला तरी बोलवावं लागणार. तुम्ही निघा, अंधारात धडपडाल.”

फ्रँकने तीस वर्षं वीजमंडळात काढली होती. निवृत्त झाल्यापासून त्याला असं कुणी काही बिघडवून दिलं नव्हतं. “टॉर्च दे,” तो म्हणाला, आणि लग्नात दिसला नसेल इतका खूश दिसला. दोन मिनिटांत दिवे आले. पाठोपाठ टीव्ही लागला, आणि पडद्यावर नॉर्मन उभा होता, बाळ घ्यावं तसं भांडं कवेत घेऊन.

पारख्याचं ते वाक्य खोलीत आलं. नॉर्मन गालिच्याकडे बघत राहिला.

“तुझा टाय वाकडा होता,” डॉरीन म्हणाली.

“आयरिसला हसू नका,” नॉर्मन म्हणाला. “तिला काही माहीत नव्हतं. मला काय म्हणायचं ते म्हणा.”

हॅलिवेल नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

“माझ्या आजीकडे हुबेहूब हेच होतं,” फ्रँक म्हणाला. “मी पहिल्याच नाताळला ओळखलं.”

“आणि बावीस वर्षं खात राहिलास?” नॉर्मनने विचारलं.

“मग काय करायचं? कुणी प्रेमाने वाढलं तर भांडं बघतात का? शिवाय चांगलं व्हायचं ते.”

“अरे, मलाही त्याच वर्षी कळलं. आयरिसनेच तर सांगितलं,” डॉरीन म्हणाली. “दारातच मला बाजूला घेऊन म्हणाली, सोडा घालून दोन तास उकळलंय, खुशाल खा. पण नॉर्मनला बोलू नका. त्याला वाटतं सूपाचं आहे. आईची एवढी एकच वस्तू आहे त्याच्याकडे.”

नॉर्मनला एकदम टेबलाचं ते टोक आठवलं. तिथे आयरिस बसायची, नाताळचा कागदी मुकुट घालून, पुढ्यात रिकामी बशी. बावीस वर्षं तिने त्या ट्रायफलला चमचा लावला नव्हता. “मला बाई कस्टर्ड बाधतं,” म्हणायची. आणि दर रविवारी ॲपल पायवर तीच बाई दोन डाव कस्टर्ड ओतून घ्यायची, आणि त्याच्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

“लबाड,” तो म्हणाला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. डॉरीन उठून चहा ठेवायला गेली.