फोटोतले पाय

सोलापूरच्या स्टँडातून नळदुर्गची एसटी निघाली तेव्हा माझ्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. तिच्यात दोन पुठ्ठ्यांच्या मधे एका फुटबॉल संघाचा जुना फोटो होता. शेजारी बसलेल्या बाईंनी दोनदा सांगितलं, "वर ठिवा की पिशवी, न्हाय कोण नेत." मी हसले, पण पिशवी वर ठेवली नाही.

फोटो सापडला तो दिवाळीच्या आवराआवरीत. सोलापूरला आत्याच्या देवघरात तुळजाभवानीची तसबीर आहे. तिच्या काचेला तडा गेला होता, म्हणून आम्ही ती फ्रेमवाल्याकडे नेली. त्यानं मागचे खिळे काढले तर देवीच्या चित्राला पाठीमागून आधार म्हणून हा फोटो लावलेला. अकरा अनवाणी मुलं. कडेला कोट घातलेला एक माणूस. पुढे जमिनीवर बसलेल्या मुलाच्या मांडीवर चेंडू. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं एकच शब्द: नळदुर्ग.

आत्या त्या चेंडूवाल्या मुलाकडे बघत म्हणाली, "नाक बघ. आपलंच आहे." माझे आजोबा तरुणपणी रस्त्यांच्या खात्यात कारकून होते आणि दोनेक वर्षं नळदुर्गला होते. तसबीर त्यांनीच तिथून आणलेली. मला आठवतात ते आजोबा म्हणजे इस्त्रीचा सदरा आणि 'पाय खाली घे' एवढंच बोलणारे. ते कधीतरी मातीत बसले होते, मांडीवर चेंडू घेऊन, ही कल्पना मला फार आवडली. त्याच संध्याकाळी मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, 'आजोबा सापडले!' सगळ्यांनी बदाम पाठवले. उरलेल्या दहा जणांची नावं शोधून काढायची, असं मी तिथेच जाहीर करून टाकलं. बोलायला लाजणारी माणसं लिहिताना फार शूर होतात.

मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात बोलतो, पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी मराठी एकदम सरकारी पत्रासारखी होते. म्हणून तयारी केली होती. फोटोतले चेहरे दाखवायला सोपे जावेत म्हणून मोठे करून त्यांच्या प्रती काढल्या. पाय, जमीन, मागचं झाड, असं निरुपयोगी सगळं कापून टाकलं. मूळ फोटो कुणाच्या हाती द्यायचा नाही, असं ठरवलं होतं.

सोलापूर सुटलं की हायवेच्या दोन्ही बाजूंना ज्वारी लागते. थंडीचे दिवस होते, कणसं भरत आली होती. ट्रक आमच्या एसटीला ओलांडून हैदराबादकडे जात होते. कंडक्टरनं "नळदुर्ग" म्हणून आवाज दिला तशी मी घाईनं उतरले. एसटी गेल्यावर कळलं की ही फाट्यावर उतरणाऱ्यांची हाक होती, स्टँड अजून पुढे आहे. मग ढाब्यांच्या कडेनं, ट्रकांची धूळ खात चालत गावात शिरले.

स्टँडजवळच्या हॉटेलात सुशीला (कुरमुरे भिजवून फोडणीला टाकतात तो नाश्ता) मागवला. गल्ल्यावर बसलेल्यांना सगळे अण्णा म्हणत होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"बँकवाल्या का सर्वेवाल्या?"

"दोन्ही नाही. मी एका छायाचित्राची माहिती घेण्यासाठी आले आहे."

"छायाचित्र!" अण्णा शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाले. "बघा रे, फोटूला काय म्हणत्यात ते शिका जरा." सगळे हसले. मीही हसले, कान गरम झाले तरी.

प्रती टेबलावर पसरल्या. चहा पिणारे उठून आले. एकानं सगळे चेहरे न्याहाळून 'ह्यो आमच्या आमदारावाणी दिसतो' असं जाहीर केलं. अण्णांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"तोंडंच हायत नुसती. अस्सल फोटू कुठाय?"

पिशवी माझ्या पायाला टेकलेली होती. "पुण्याला, घरी आहे," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मला स्वतःलाच ते खरं वाटलं.

"मग दस्तगीरचाचाकडं जावा," अण्णा म्हणाले. "जुनं काय बी इचारायचं तर त्येच. त्येंचा थोरला भाऊ खेळायचा म्हनं फुटबॉल."

दस्तगीरचाचांचं घर किल्ल्याच्या बाजूला, शेवटच्या बोळात होतं. चाचा सत्तरीच्या पुढचे, शिवणयंत्राशेजारी खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. आत पलंगावर त्यांची मोठी बहीण, फातिमाबी. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. मी अण्णांचं नाव सांगितलं, तोवर चाचांच्या सुनेनं चटई टाकून पाणी आणलंसुद्धा.

चाचांनी प्रती हातात घेतल्या आणि कोटवाल्यापाशी थांबले. "हे दर्जीसाब (शिंपी). हैदराबादला कामाला व्हते, तिथनं बॉल आणला. आमाला बी शिवण त्येंनीच शिकवली." मग बोट चेहऱ्यांवरून सरकायला लागलं. "हा माणिक. वाण्याचा. ह्यो हुसेन, गोलमधी उभा राहायचा. ह्यो... बसवण्णा असंल. म्या चौथीत व्हतो, बेटी, बॉल बोरी नदीत गेला की पाण्यातनं आणून द्यायचो."

"संघाचं नाव काय होतं?"

"नाव कशाला? नदीच्या वाळूत खेळायची पोरं. सोलापूरचे मिलवाले आले की त्ये म्हणायचे, आले वाळूवाले."

मी भराभर लिहून घेत होते. इतक्या सहज नावं मिळतील असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात चाचांचं बोट चेंडूवाल्या मुलावर आलं आणि तिथंच राहिलं.

"आपा," ते आत बघून म्हणाले. आवाज बदलला होता. "आपा, इब्राहिमभाई हाय."

फातिमाबी पलंगावरून उठायला लागल्या. सून धावली. चाचा मला सांगत होते, की ह्या भावाचा एकही फोटो घरात नाही. फोटो काढला होता, एका मॅचच्या आदल्या दिवशी. पण पंधरवड्यात तो तापानं गेला. त्यातला एक गेला म्हणून बाकीच्या पोरांनी फोटो दुकानातून आणलाच नाही. कुणाला तो घरात ठेवायचा धीर झाला नाही.

"न्हाय आणला कुणी," चाचा म्हणाले. "मग फोटूवाल्यानं तरी काय करावं? फ्रेमा बी त्योच करायचा. पडून राहिलेले फोटू तसबिरींच्या पाठीला लावून टाकायचा."

हे मी ऐकलं. ह्याचा अर्थ काय होतो, हे त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण माझं लक्ष त्या बोटाखाली दडलेल्या चेहऱ्याकडे होतं आणि मी म्हणाले, "नाही. ते माझे आजोबा आहेत."

ऑफिसच्या फोनवर मी ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात. स्वच्छ, सभ्य, वाद मिटवणारा.

चाचांनी बोट उचललं. जणू दुसऱ्याच्या ताटाला हात लागला होता. "असतील, असतील," ते घाईनं म्हणाले. "माझी नजर कुठली आता. तुमच्या घरातलं माणूस तुमी वळखणार का आमी?"

फातिमाबी माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांनी प्रत डोळ्याजवळ नेली, लांब धरली, सुनेनं बॅटरी लावली. चेहरा मोठा केल्यामुळे नुसते ठिपके झाले होते.

"तोंड आता ध्यानात न्हाय राहिलं गं पोरी," त्या म्हणाल्या. "लई वर्सं झाली. पाय न्हाईत का ह्यात?"

"पाय?"

"डाव्या पायाचा अंगठा न्हवता त्याला. कडबा तोडताना कुऱ्हाड बसली. रोज हळद म्याच भरायचे. तसाच खेळायला पळायचा, आन् रात्री आईच्या आधी मला दावायचा. पाय दिसला असता तर म्या सांगितलं असतं."

पिशवी माझ्या मांडीवर होती. त्यातले दोन पुठ्ठे मला कापडातून हाताला लागत होते. खोटं मी फक्त अण्णांच्या हॉटेलात बोलले होते, इथं तर अजून कुणाशीच नाही. नुसतं 'थांबा' म्हणून बाहेर काढायचा होता. पण काढला आणि अंगठा खरंच नसला तर? शिवाय आता काढला तर इतका वेळ का काढला नाही, ते सांगावं लागलं असतं.

"पूर्ण फोटो घरी आहे," मी म्हणाले.

"बरं," फातिमाबी म्हणाल्या. "जेवून जावा."

दालचा (डाळ, मटण आणि दुधी एकत्र शिजवतात), भात आणि मला तिखट लागेल म्हणून वेगळं काढलेलं दही. सून वाढत होती, चाचा हैदराबादच्या गोष्टी सांगून मला हसवायचा प्रयत्न करत होते. फोटोचा विषय परत कुणी काढला नाही. मी एका हाताने जेवले, दुसरा हात पिशवीवर.

तिथून मी किल्ल्यात गेले. नळदुर्गचा किल्ला खूप मोठा आहे. बोरी नदी थेट आत घेतलेली, तिच्यावर दगडी बंधारा, आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. पावसाळ्यात इथून पाण्याचे लोट पडतात, त्यांना नर आणि मादी म्हणतात. आता दोन्ही सांडवे कोरडे होते. दगडावर शेवाळाचे काळे पट्टे तेवढे राहिले होते. सहलीला आलेल्या शाळेतल्या मुली त्यांच्यापुढे उभ्या राहून एकमेकींचे फोटो काढत होत्या.

मी बुरुजाच्या सावलीत बसले आणि पुठ्ठे उघडले.

मी हा फोटो इतक्या वेळा पाहिला होता, पण पाय पाहिलेच नव्हते. बावीस पायांवर नदीची वाळू होती. चेंडूवाल्या मुलाचा डावा पाय पुढे आलेला. त्याच्या टोकाशी जो पांढुरका भाग होता, तो मी डाग समजत होते. प्रती काढताना तो डाग जातोय म्हणून मला बरंच वाटलं होतं. तो डाग नव्हता. तिथं अंगठा नव्हता.

मला राग आला, आधी आत्याचा, मग त्या नाकाचा. माझं चुकलं, एवढ्यावर ते भागलं असतं तर बरं झालं असतं. चाचांनी तो चेहरा मला देऊन टाकला होता, पाहुणी म्हणून. मी तो घेतला होता. वर जेवले होते.

परत जाताना बोळाच्या तोंडाशी दोनदा थांबले. एक वाक्य तयार केलं, 'घरून आत्ताच मागवून घेतला' असं. दारात गेल्यावर ते सुचलंच नाही. मी नुसता फोटो फातिमाबींच्या हातात दिला.

त्यांनी डोळा अगदी कागदाला लावला. चेहऱ्याकडे बघितलंच नाही. खालच्या कडेनं बोट नेलं आणि थांबल्या. मग ते बोट फोटोतल्या पायावरून, हळद लावावी तसं, दोनदा फिरवलं.

"दस्तगीर," त्या म्हणाल्या. "त्योच हाय."

चाचा उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग फातिमाबींनी विचारलं, "कुठं व्हता ह्यो इतकी वर्सं?"

मी तुळजाभवानीच्या तसबिरीचं सांगितलं. आत्या रोज फूल वाहते, उदबत्ती लावते, हेही सांगितलं. त्यांना आवडणार नाही अशी भीती वाटत होती.

"म्हंजे रोज त्याला कुणीतरी उदबत्ती दावली," त्या म्हणाल्या. "आमाला कबरीवर रोज जायला कुठं जमलं? तुमच्या आत्याला सलाम सांगा."

मग त्यांनी माझा हात धरला. "एक इचारू? सकाळी पिशवीतच व्हता न्हवं?"

मी मान हलवली.

"वाटलंच. जेवताना बी खाली ठिवली न्हाईस. म्हटलं पोरीचे पैसे असतील त्यात." सून तोंडावर पदर धरून हसली. फातिमाबीही हसल्या. "आमी काय खाल्ला असता व्हय फोटू?"

त्या रागावल्या असत्या तर मी माफी मागितली असती. हसल्या, त्यामुळे तेही करता आलं नाही. फोटो तुमच्याकडेच राहू द्या, एवढं मी म्हणाले. चाचा म्हणाले, तुमच्या देवाच्या घरातली चीज आहे, प्रत दिली तरी चालेल. त्यावर फातिमाबींनी त्यांना दक्खनी बोलीत काहीतरी सुनावलं आणि फोटो उशीखाली सरकवला.

संध्याकाळच्या एसटीनं मी सोलापूरला परतले. आत्यानं दार उघडताच विचारलं, "फोटो?"

"त्यांच्याकडे ठेवला."

"अगं, अनोळखी माणसांकडे?"

मी सगळं सांगितलं. सलामही सांगितला. आत्या नव्या काचेमागच्या देवीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाक मात्र आपल्यासारखंच होतं गं."

जेवण झाल्यावर मी ग्रुपवर लिहायला बसले. लिहिलं, की ते आजोबा नाहीत. त्याचं नाव इब्राहिम. तो नळदुर्गच्या वाळूवाल्यांच्या संघातून खेळायचा, गोलमध्ये हुसेन असायचा, माणिक आणि बहुतेक बसवण्णाही त्याच संघातले, बाकीची नावं अजून मिळायची आहेत. आजोबांनी फक्त तसबीर विकत आणली होती. काकांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं, आणि एका बहिणीनं, 'किती छान, त्यांनी तुला फोटो ओळखून दिला!'

मी तिलाही एक बदाम पाठवला. पिशवीबद्दल त्या ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही.